चातुर्मास संपला की माशांना लसूण

आमच्या घरात दोन मिक्सर आहेत. एक माणसांचा, एक माशांचा. माशांचा मिक्सर तळ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. त्याच्या भांड्याला लसणाचा वास कायमचा बसलाय आणि झाकण हळदीने पिवळं पडलंय. सासूबाई माळकरी आहेत. मासे पाळायला त्यांनी हरकत घेतली नाही, "खाणाऱ्यांनी खावं, माझ्या ताटाजवळ आणू नगा" एवढंच म्हणाल्या. पण चातुर्मासात घरात लसूण वाटायचा नाही, हे पहिल्याच वर्षी बजावलं. म्हणून दुसरा मिक्सर.

माशांना लसूण कशाला, असं मला बचत गटातल्या बायकांपासून खताच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

शिरोळ तालुक्यात रानात मीठ फुटणं हे घरोघरचं दुखणं आहे. नदीचं पाणी मुबलक, ऊस बारमाही, निचरा कुणी केला नाही, आणि खालचे क्षार वर आले. सासरे सांगायचे, आमच्या त्या एकरात एकेकाळी साठ टन ऊस निघायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरावर आला होता. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पापडी धरायची. शेवटी 2020 साली तिथं शेजारी शेजारी दोन तळी खोदली, बांध धरून वीस-वीस गुंठ्यांची. पहिली पिल्लं सोडली आणि 2021 च्या जुलैत महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमच्याकडे सामान माळ्यावर जातं, पण तळं कुठल्या माळ्यावर ठेवणार? आमचे मासे कृष्णामाईबरोबर कर्नाटकात गेले. तेव्हापासून पूर ओसरल्याशिवाय, म्हणजे सप्टेंबरच्या आत, आम्ही पाण्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडत नाही.

2022 च्या सप्टेंबरात दोन्ही तळ्यांत बाराशे-बाराशे बोटुकली सोडली, कटला, राहू आणि मृगळ. डिसेंबरपर्यंत सगळं झकास चाललं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी खाद्य घेऊन गेले तर राहू बांबूला अंग घासत होते. म्हैस खुंटाला घासते ना, तसंच. फेकजाळं टाकून पाच-सहा मासे काढले. अंगाला चपट्या, जवळजवळ पारदर्शक टिकल्या चिकटलेल्या. एक नखाने उचलली तर माझ्या बोटावरून चालायला लागली! ती माशांची ऊ. शास्त्रातलं नाव अर्ग्युलस. ती टोचते तिथं लाल ठिपका पडतो आणि पुढं ठिपक्याची जखम होते. ऊ नुसती रक्त पिते. माशाला मारायचं काम तिच्यामागून जखमेत शिरणारे जिवाणू करतात. एरोमोनास हे त्यातलं नेहमीचं नाव. तो तळ्यात बारा महिने असतोच, संधीची वाट बघत.

शेजारपाजारच्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, चुना मारा. मारला. ही माझी पहिली चूक. चुना चांगलाच, पण तो आंबट मातीच्या तळ्याला. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या तांबड्या मातीत तो लागू पडतो. आमच्या खारवट रानात पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, 7 म्हणजे मधला) दुपारी आधीच 8.8 भरायचा, त्यात चुना म्हणजे आगीत तेल. दुसरी चूक 900 रुपयांची. एका दुकानातून 'इम्युनिटी' असं मोठ्या अक्षरात छापलेला डबा आणला. आत काय आहे हे डब्यावर कुठंच नव्हतं. दुकानदार म्हणाला, खाद्यावर भुरभुरायचं आणि टाकायचं. भुरभुरलं, टाकलं. खाद्य पाण्यात पडताक्षणी पावडर सुटून वर आली आणि तळ्यावर तपकिरी तवंग पसरला. माशांच्या पोटात काय गेलं असेल ते देव जाणे. तिसऱ्या एकाने कोंबड्यांचं अँटिबायोटिक देऊ केलं. ते मात्र घेतलं नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांना मत्स्यशेतीत बंदी आहे हे ऐकून होते, आणि त्या पुडीत काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी 214 मेलेले मासे मोजले. मग मोजायचं सोडून दिलं.

मत्स्यखात्यातून निवृत्त झालेले एक सर आमच्या यांच्या ओळखीतून भेटले. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो लसीचा. म्हशीला लाळ्या-खुरकुताची लस टोचतात, तशी माशाला टोचत नाहीत का? सर हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, "टोचतात की. नॉर्वेत सामन माशाला एकेकाला टोचतात. पण ताई, तुमच्या चोवीसशे माशांना कोण टोचणार? आणि तुमचा मासा किलोला काय भावाने जातो?"

मग त्यांनी तळ्याच्या बांधावर बसून जे सांगितलं, ते मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी विज्ञानात नापास झाले नसते. माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्तपेशी बनवणारी मज्जा नसते, ते काम डोक्याकडचा मूत्रपिंडाचा भाग करतो. आपल्या गळ्यात-काखेत गाठी सुजतात तशा लसिकागाठीही त्याला नसतात. एखाद्या रोगाविरुद्ध नेमकी प्रतिपिंडं तो बनवतो, पण सावकाश, आणि पाणी गार असेल तर आणखीच सावकाश, कारण पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. त्यामुळे थंडीत त्याची सगळी भिस्त जन्मजात बंदोबस्तावर. अंगावरचा बुळबुळीत चिकटा, त्या चिकट्यात असलेलं, जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम, आणि जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी. (हे ऐकल्यापासून मी मासा कोरड्या हाताने कधी धरला नाही. चिकटा निघाला की कवच गेलं.)

या पेशींना जागं करता येतं. यीस्टच्या भिंतीत बीटा-ग्लुकॅन असतं, बुरशीच्या भिंतीतही तेच असतं. ते आत आलं की पेशींना वाटतं, बुरशी घुसली. घुसलेलं काहीच नसतं, पण गस्त वाढते, आणि त्या गस्तीत खरा चोरही सापडतो. लसूण, हळद, तुळस, गुळवेल यांतली द्रव्यं वेगवेगळ्या वाटांनी तसंच काहीसं करतात. मी विचारलं, मग रोज देऊ का? सरांनी लांडगा आला रे आला ची गोष्ट सांगितली. रोज उठून ओरडलं तर गाव उठायचं बंद होतं. तीन आठवडे द्यायचं, तीन आठवडे थांबायचं. आणि द्यायचं ते रोग दिसल्यावर नाही, थंडी पडायच्या आधी, किंवा जाळं ओढायच्या आधी. आजारी मासा खातच नाही, त्याला खाद्यातून काय देणार?

2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात राहूला 60 दिवस खाद्यातून लसूण दिला होता, किलोमागे 1, 5 आणि 10 ग्रॅम. मग त्या माशांना एरोमोनासची लागण केली. लसूण खाल्लेले मासे जास्त संख्येने वाचले. सरांनी त्यातला मधला आकडा धरला, 5 ग्रॅम. हळद 3 ग्रॅम. 2023 च्या नोव्हेंबरात एका तळ्याला रोजचं खाद्य 5 किलो लागत होतं, म्हणजे लसूण 25 ग्रॅम आणि हळद 15. त्या हिवाळ्यात लसूण किलोला 400 च्या वर गेला होता, तरी हे परवडलं. बोटुकली लहान असताना बीटा-ग्लुकॅनची शुद्ध पावडर किलोमागे 1 ग्रॅम. बेकरीचं यीस्ट स्वस्त पडेल असं मला वाटलं होतं, पण अख्ख्या यीस्टमध्ये ग्लुकॅन भिंतीच्या आतल्या थरात दडलेलं असतं, ते तितकंसं लागू पडत नाही.

हळदीचा प्रश्न आपोआप सुटला. सांगली इथून हाकेच्या अंतरावर, तिथल्या राजापुरी हळदीला कोण ओळखत नाही. आमच्या बांधाशेजारचे पाटीलकाका थोडी हळद लावतात. ते जैन, मासे सोडाच, लसूणही खात नाहीत. मी हळद मागायला गेले तेव्हा सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, लसूण माशाला, मासा तुम्हास्नी. आमास्नी दोन्ही चालत न्हाई. पर हळद न्हे." पैसे घेतले नाहीत. त्यामागं माशांवरची दया होती की माझ्यावरची, हे मी अजून विचारलेलं नाही.

खरी अडचण पुढं होती. हे सगळं खाद्याला चिकटवायचं कसं? डब्यातल्या पावडरीचा तवंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. उत्तर यांनी दिलं. हे इचलकरंजीत सायझिंगमध्ये कामाला आहेत. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, म्हणजे ते तुटत नाही. हे म्हणाले, "अगं, सुताला लावतो तशी खळ लाव की." मी तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवली, साबुदाण्याचीही करून बघितली. तांदळाची बरी. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात वाफाळत्या खळीतच लसूण आणि हळद ओतली, ढवळली, खाद्याला चोळली. संध्याकाळी सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. "खळ गरम होती का?" लसूण ठेचला की त्यातला एक विकर जागा होतो आणि अ‍ॅलिसिन तयार होतं, झणझणीत वास येतो तो त्याचा. उष्णतेने दोन्ही मरतात. मी अख्खा दिवस माशांना लसणाची आमटी घातली होती.

आता रीत अशी आहे. सकाळी सहाला लसूण सोलून वाटायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. तोवर खळ पार गार झालेली असते, कारण ती मी आदल्या रात्री करून ठेवते. हळद चमचाभर शेंगतेलात कालवायची, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मग हे तिन्ही एकत्र करून खाद्यावर शिंपडायचं, ताडपत्रीवर हाताने उलथंपालथं करायचं आणि शेडच्या सावलीत दोन तास पसरायचं. उन्हात नाही. दाणा बोटांनी दाबला की चिकटू नये आणि पाण्याच्या ग्लासात टाकला तर पाच मिनिटं पाणी पिवळं होऊ नये, ही माझी परीक्षा. त्या दिवसांत माझे तळवे असे पिवळे असतात की गटातल्या बायका विचारतात, वहिनी, कुणाची हळद होती?

खाद्य मी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरते, तळाला भोकं पाडून पोतं बांबूला लटकवते. मासे येऊन टोचून टोचून खातात. पहिले दोन दिवस त्यांनी पोत्याकडे पाठ फिरवली. लसणाचा वास त्यांना नवा. तिसऱ्या दिवशी दुपारी पोतं हलायला लागलं आणि मी उगाचच टाळी वाजवली.

2023 च्या हिवाळ्यात मी हे फक्त उजव्या तळ्याला दिलं. डावं तसंच ठेवलं, नुसतं साधं खाद्य. यांना ते पटत नव्हतं, "दोन्हींस्नी घाल की, मासं आपलंच हाईत." पण मला बघायचं होतं. उवांसाठी दोन्ही तळ्यांत लाकडी फळ्या सोडल्या. ऊ तिथं अंडी घालते, फळी दर आठवड्याला काढून उन्हात टाकायची. जानेवारीच्या शेवटी दोन्हींत जाळं टाकून पन्नास-पन्नास मासे तपासले. डाव्यात 17 माशांच्या अंगावर लाल डाग किंवा जखम. उजव्यात 6. मी खूश, हे खूश. सरांनी एकच विचारलं, "मोटरचं पाणी कुठल्या तळ्यात आधी पडतं?" उजव्यात. ताजं पाणी उजव्याला, उरलेलं डाव्याला. म्हणजे श्रेय लसणाचं की मोटरीचं?

म्हणून 2024 ला अदलाबदल केली. त्या जुलैतही नदीने धोक्याची पातळी ओलांडली होती, त्यामुळे बोटुकली पुन्हा सप्टेंबरातच. या वेळी लसूण-हळद डाव्याला. आणि इथं मी माती खाल्ली. आदल्या वर्षीचा आकडा डोक्यात गेला होता. 5 ग्रॅमने एवढं होतं तर 20 ने किती होईल! तीन आठवडे संपले तरी थांबले नाही, नोव्हेंबर सगळा, डिसेंबर निम्मा. सरांना सांगितलंही नाही. मासे पोत्यातलं अर्धं खाद्य सोडायला लागले. मला वाटलं थंडीने. उरलेलं खाली पडून कुजत होतं, आणि त्याचा अमोनिया होत होता. पाणी 25 अंश असताना पीएच 7 असेल तर अमोनियाचा शंभरातला एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच 9 झाला की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विषारी. आमचं पाणी दुपारी कुठं जातं ते वर सांगितलंच आहे. त्यात दोन दिवस ढगाळ गेले. शेवाळाला ऊन नाही, म्हणजे दिवसा प्राणवायू कमी तयार झाला, आणि रात्री सगळ्यांनी मिळून तो ओढला. पहाटे पाचला पाटीलकाकांनी हाक मारली. सगळं डावं तळं तोंड वर काढून पाण्याचा पृष्ठभाग चोखत होतं.

मोटर लावली, पाइपाला भोकाची नळी जोडून पाणी उंचावरून पाडलं. हे कामावर गेले नाहीत. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपलीने पाणी उसपून उसपून खाली टाकत होते, त्याने काय फरक पडणार होता माहीत नाही, पण हात रिकामे ठेवता येईनात. सूर्य वर आल्यावर मासे खाली गेले. 63 मेले, त्यात सगळ्यात जास्त कटले. अंगावर एकालाही डाग नव्हता. लसूण खाऊन ठणठणीत झालेले मासे श्वास कोंडून मेले. पाणीच बिघडल्यावर आतल्या गस्तीचा काय उपयोग?

सरांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, आठवडाभर खाद्य निम्मं करा, लसूण बंद. आणि मग म्हणाले, मीटर घ्या. घेतला. आता पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला पीएच, आठवड्यातून एकदा अमोनियाचं किट. वही शेडमध्ये दोरीला बांधलेली असते, तिच्यावरही हळदीचे ठसे. फेब्रुवारीत पुन्हा पन्नास-पन्नास तपासले. डाव्यात 8 जखमी, उजव्यात 15. मोटरीचं ताजं पाणी अजूनही उजव्यातच आधी पडत होतं. तेव्हा लसणाचा काहीतरी हात आहे असं मी आता मानते. किती, ते छातीठोक सांगणार नाही. दोन तळी आणि दोन हिवाळे, त्यातला एक मी स्वतःच नासवलेला.

गावातल्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून त्यांना रीत लिहून दिली. पहिल्या ओळीत लसूण नाही, पीएच लिहिलाय. एकीला ते आवडलं नाही, "मीटर बीटर न्हाई, तू नुसतं किती घालायचं ते सांग." मी तिला किती घालायचं ते सांगितलं नाही. आधी मीटर आण म्हटलं. बोलत नाही आता माझ्याशी, बोलेल.

यंदा सासूबाईंनी एक काम आपल्याकडे घेतलंय. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लसणाच्या दिवसांना त्या तांबड्या पेनने 'ल' लिहितात. तीन आठवडे 'ल', तीन आठवडे कोरे. मी वाढवायला गेले तर त्या दाखवतात, "आज न्हाई तुझा ल." पहिला 'ल' कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. त्यांचा चातुर्मास संपतो, आणि थंडी पडायला अजून दोन-तीन आठवडे असतात. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, याहून चांगला मुहूर्त मलाही काढता आला नसता. त्या म्हणाल्या, मला ते काय ठावं न्हाई, मला एवढंच ठावं की तवर मिक्सर तळ्यावरच ऱ्हाऊ दे.